पिशवी काढल्यावर काय झालं?

(तीर्थपुरी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



दवाखान्यातून घरी सोडताना पेशंटला एक कार्ड मिळतं. त्यावर दाखल केल्याची तारीख असते, ऑपरेशनचं नाव असतं, टाके कधी काढायचे ते असतं, आणि खाली लिहिलेलं असतं, 'प्रकृती समाधानकारक'. वैद्यकशास्त्राच्या वहीत तो माणूस तिथे संपतो. पुढे त्याला झोप लागते का, जेवण जातं का, कामावर परत गेला का, पहिल्यासारखा वाकू शकतो का, हे कुठे नोंदलं जात नाही. मी आज जे बोलणार आहे ते त्या कार्डानंतरच्या आयुष्याबद्दल. त्यातही बाईच्या आयुष्याबद्दल, कारण आपल्या या पट्ट्यात ते कार्ड फार बायकांच्या पेटीत ठेवलेलं आहे.

सुरुवात गडचिरोलीपासून करतो.

डॉ. राणी बंग चंद्रपूरच्या. नागपुरातून स्त्रीरोगशास्त्रात एमडी झाल्या, पती डॉ. अभय बंग यांच्याबरोबर अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकल्या आणि परत येऊन दोघांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था उभी केली. 1980 च्या दशकातली ही गोष्ट आहे. त्या काळात खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे सरकारदरबारी दोनच गोष्टी होत्या: बाळंतपण आणि नसबंदी. त्यापलीकडे तिला शरीर आहे हे कुणाच्या हिशेबातच नव्हतं. राणीताईंनी वसा आणि आमिर्झा या दोन गावांत 650 स्त्रियांचा अभ्यास केला. लग्न न झालेल्या मुलींनाही त्यात घेतलं. नुसते प्रश्न विचारले नाहीत, तर प्रत्येकीची आतून तपासणी केली, प्रयोगशाळेत नमुने पाहिले. अंगावरून पांढरं जातं हे बाई नवऱ्यालाही सांगत नाही. तिथे गावातल्या इतक्या बायका तपासणीच्या टेबलावर यायला तयार होणं म्हणजे काय, याचा अंदाज इथे बसलेल्या बहिणींना येईल. आधी गावाचा आणि बायकांचा विश्वास मिळवल्याशिवाय असं काम होऊच शकत नाही.

जानेवारी 1989 मध्ये हा अभ्यास 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शंभरातल्या 92 स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग होता. सरासरी काढली तर एकेकीला 3.6 आजार. आणि त्याआधी कधीतरी तपासणी होऊन उपचार मिळालेल्या स्त्रिया होत्या फक्त 8 टक्के. पुढे 1994 साली कैरोमध्ये लोकसंख्या परिषद भरली तेव्हा स्त्रीच्या आरोग्याचा विचार बाळंतपणापलीकडे जाऊन झाला. त्यामागे ज्या कामांचा धक्का होता, त्यांत गडचिरोलीतल्या या दोन गावांचं नाव जगभर घेतलं जातं.

मला मात्र त्या निबंधातला आणखी एक आकडा जास्त अस्वस्थ करतो. तक्रार सांगणाऱ्या स्त्रिया 55 टक्के होत्या. 45 टक्के म्हणाल्या, आम्हाला काही त्रास नाही. आणि आजार मात्र 92 टक्क्यांना! काही आजार मुळातच लक्षणं दाखवत नाहीत, हे खरं. पण जिची आई, सासू, जाऊ, नणंद सगळ्यांचीच कंबर दुखते, ती कंबर दुखण्याला आजार म्हणेल कशी? तिच्या लेखी ते बाईपण आहे. म्हणून संशोधकाचं काम नुसतं 'काही त्रास आहे का?' असं विचारून भागत नाही. रात्री किती वेळा उठावं लागतं, पाण्याची घागर डोक्यावर घेताना काय होतं, संबंधाच्या वेळी दुखतं का, पाळीच्या दिवसांत काम सुटतं का, असं एकेक उलगडत विचारावं लागतं. जगण्याची प्रत म्हणजे 'क्वालिटी ऑफ लाइफ' मोजायची तर ती अशीच मोजावी लागते.

आता गडचिरोलीहून आपल्या घरी येऊ.

तीर्थपुरी हे साखर कारखान्याचं गाव. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, उसाच्या पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. आपल्या जालना जिल्ह्यातली माणसं बाहेर तोडीला जातात आणि बाहेरची माणसं आपल्याकडे येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती जोडप्याच्या नावावर. नवरा-बायको मिळून एक कोयता. ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून चढत ट्रॉलीत टाकायची. एका मोळीचं वजन तीस-चाळीस किलो सहज भरतं. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला भरायची. पाळी आली म्हणून बाई बसली की खाडा. खाड्याचे पैसे कापले जातात आणि ते एका दिवसाच्या मजुरीपेक्षा जास्तही असतात. फडात आडोसा नाही, पाणी पुरेसं नाही, कापड धुवायला आणि वाळत घालायला जागा नाही. अशा ठिकाणी जंतुसंसर्ग होणार नाही तर काय होईल? बाळंतपणानंतर महिन्या-दोन महिन्यांत मोळी उचलणाऱ्या बाईचं अंग बाहेर येणार नाही तर काय होईल?

आणि मग ती दवाखान्यात जाते. सोनोग्राफी होते. तिला सांगितलं जातं, पिशवीला, म्हणजे गर्भाशयाला, सूज आहे, पिशवी खराब झाली, काढली नाही तर कॅन्सर होईल.

2019 मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातली ही गोष्ट वर्तमानपत्रांतून बाहेर आली. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ऊसतोड करणाऱ्या 82,309 स्त्रियांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे दर सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या स्त्रियांमध्ये देशाचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास येतं. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी, वयोगट तंतोतंत सारखे नाहीत, तेव्हा थेट तुलना जपून करायला हवी. तरीही इतकं अंतर नुसत्या पद्धतीच्या फरकाने पडत नाही.

या प्रकरणावर पुष्कळ बोललं गेलं. किती ऑपरेशनं झाली, कुठल्या वयात झाली, सरकारी दवाखान्यात किती, खाजगीत किती, मुकादमाचा हात होता की नव्हता. महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटनांनी ऊसतोड स्त्रियांचं एकूण जगणंच पुढे आणलं. शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खाजगी दवाखान्यात पिशवी काढू नये असा नियम बीडमध्ये झाला. एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना, केंद्राने तयार केलेली गर्भाशय शस्त्रक्रियेची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा, असं बजावलं. हे सगळं आवश्यकच होतं. पण यातलं जवळजवळ सगळं ऑपरेशन होईपर्यंतचं आहे. त्या तेरा हजारांहून अधिक स्त्रियांचं पुढे काय झालं? त्यांची कंबर दुखायची थांबली का? पांढरं जायचं थांबलं का? कामाला पहिल्यासारखा जोर लागतो का? हे विचारणारी नोंदवही त्यांच्या गावांत ठेवलेली नाही.

कोप्यांवर एका बाईशी झालेलं बोलणं सांगतो. वय पस्तिशीच्या आत. तिने पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड काढून दिलं. त्यावर ऑपरेशनचं नाव इंग्रजीत होतं आणि त्यापुढे आणखी तीन शब्द होते. त्यांचा अर्थ, दोन्ही बीजकोशही काढले. तिला ते माहीत नव्हतं. ती म्हणाली, 'पाळीची कटकट गेली दादा, ते बरं झालं. पण आता अंगातून वाफा निघतात, थंडीत गोधडी फेकून देते. मोळी उचलली की डोळ्यापुढं अंधारी. मालक म्हनतो, ऑपरेशन करून बी तुझं रडगाणं हायेच.' ती बोलत असताना तिचा हात सारखा गुडघ्यावरून फिरत होता.

बीजकोश काढले की पाळी जाण्याचं वय एका दिवसात येतं. अंगाची आग होते, झोप उडते, पुढे हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. पंचेचाळिशीच्या आत हे केलं तर परिणाम जास्त खोल असतात. बीजकोश ठेवले तरी पिशवी काढलेल्या स्त्रियांची रजोनिवृत्ती काहीशी लवकर येते. हे नवीन ज्ञान नाही, पाठ्यपुस्तकात आहे. पण त्या बाईला सहा महिन्यांनी कुणी विचारलंच नाही, म्हणून कॅल्शियमची गोळीसुद्धा मिळाली नाही.

इथे मी एक गोष्ट ठासून सांगतो, कारण माझ्या बोलण्याचा उलटा अर्थ घेऊन कुणी घरी जाऊ नये. पिशवी काढणं हे मुळातच वाईट, असं मी म्हणत नाही. मोठी गाठ असेल, औषधांना दाद न देणारा रक्तस्राव असेल, कॅन्सर असेल, तर ते ऑपरेशन जीव वाचवतं आणि जगणंही सुधारतं. अमेरिकेतल्या मेन नावाच्या राज्यात याचा सुंदर अभ्यास झाला. तो 1994 मध्ये प्रसिद्ध झाला. पिशवी काढलेल्या 418 स्त्रियांना तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने विचारलं गेलं. बहुतेकींचं दुखणं, रक्तस्राव, थकवा कमी झाला होता, आयुष्य सुधारलं होतं. त्याच वेळी 13 टक्के स्त्रियांना पूर्वी नसलेल्या अंगातल्या वाफा सुरू झाल्या होत्या, 8 टक्क्यांना नव्याने नैराश्य आलं होतं. ऑपरेशनशिवाय औषधांवर ठेवलेल्या स्त्रियांचाही संशोधकांनी तसाच मागोवा घेतला आणि त्यातल्याही अनेकींना बरं वाटल्याचं दिसलं. आता मेनमधली बाई डॉक्टरसमोर बसते तेव्हा तिला दोन्ही बाजू सांगता येतात. आपल्या बाईला मेनचा आकडा सांगून काय उपयोग? मेनमधल्या बाईला घरी गेल्यावर चाळीस किलोची मोळी उचलायची नसते. इथल्या बाईचा आकडा इथेच काढावा लागेल.

कॅन्सरच्या भीतीबद्दलही बोललंच पाहिजे, कारण निम्मी ऑपरेशनं त्या एका शब्दावर होतात असं मला या भागात काम करताना वाटत आलं आहे. गर्भाशयमुखाचा कॅन्सर आपल्याकडे आहे आणि तो मारतो. पण त्यावर उपाय सरसकट पिशवी काढणं हा नाही, वेळेवर चाचणी हा आहे. आणि हे सिद्ध कुठे झालं? आपल्याच मराठवाड्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून 1999 मध्ये काम सुरू केलं. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रिया त्यात होत्या. गावांचे 52 गट पाडले. काही गटांत एचपीव्ही विषाणूची चाचणी, काहींत पेशींची, काहींत व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहण्याची, आणि चौथ्या भागात नेहमीची व्यवस्था. आठ वर्षांनी हिशेब केला. एचपीव्ही चाचणी आयुष्यात एकदाच झालेल्या गटात या कॅन्सरने 34 मृत्यू, आणि चाचणी न झालेल्या गटात 64. दोन्ही गट साधारण सारखेच, तीस हजारांच्या वर. म्हणजे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. 2009 मध्ये डॉ. शंकरनारायणन, बार्शीचे डॉ. नेने आणि सहकाऱ्यांचा हा निबंध 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला आणि जगातल्या अनेक देशांनी आपलं धोरण त्याच्या आधारे बदललं. चाचणी न दिलेल्या स्त्रियांचं काय, हा आक्षेप त्यावर घेतला गेला. तो गंभीर आहे आणि त्या 64 मृत्यूंचा विसर पडू देता कामा नये. पण ज्या जिल्ह्यातल्या बायकांनी जगाला हे ज्ञान दिलं, त्याच्या शेजारी, कॅन्सरच्या धाकाने धडधाकट पिशव्या निघाव्यात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता मोजायचं कसं, यावर थोडं. 1940 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत डॉ. कार्नोफ्स्की यांनी शून्य ते शंभर अशी एक पट्टी तयार केली. पूर्ण धडधाकट म्हणजे शंभर, मृत्यू म्हणजे शून्य. कॅन्सरचे डॉक्टर ती अजून वापरतात. तिच्यात खोट एवढीच की गुण डॉक्टर देतो, पेशंटला विचारलं जात नाही. पुढे युरोपातल्या संशोधकांनी पेशंटने स्वतः भरायची तीस प्रश्नांची प्रश्नावली केली. ती 1993 मध्ये प्रसिद्ध झाली. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी ती मराठीत आणि हिंदीत आपल्या पेशंटांवर पारखून घेतली, स्तनाच्या कॅन्सरसाठी आणि तोंडा-घशाच्या कॅन्सरसाठीही. 2005 मध्ये ते निबंध आले. तंबाखूने ज्यांचा जबडा गेला त्यांना 'जेवताना त्रास होतो का, लोकांत बसून जेवायला लाज वाटते का' हे विचारणं किती महत्त्वाचं आहे, हे मी तीर्थपुरीत वेगळं सांगायला नको.

त्या प्रश्नावलीतला पहिलाच प्रश्न अवजड कामाचा आहे, आणि उदाहरण दिलंय बाजाराची भरलेली पिशवी किंवा सुटकेस उचलण्याचं. आपल्या बाईसाठी तिथे उसाची मोळी हवी, कापसाचं ओझं हवं, हंडा हवा. हे काम पुण्या-मुंबईत बसून होणार नाही. इथल्या आशाताई, इथल्या नर्सबाई, आणि कोप्यांवरच्या बायका यांनी मिळून ते प्रश्न बसवायला हवेत.

'नुसतं विचारून काय होतं?' असं मला अनेकदा विचारतात. डॉक्टर मित्रही विचारतात. त्यांच्यासाठी एक पुरावा देतो. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कॅन्सर रुग्णालयात डॉ. ईथन बॅश यांनी पसरलेला कॅन्सर असलेल्या 766 रुग्णांचे दोन गट केले. एका गटाची नेहमीची तपासणी. दुसऱ्या गटाने मळमळ, वेदना, धाप, थकवा अशा बारा तक्रारी स्वतः वेळोवेळी नोंदवायच्या. तक्रार वाढली की नर्सला लगेच निरोप जायचा. औषधं दोन्ही गटांना त्याच तोडीची. 2017 मध्ये निकाल आला. नेहमीच्या गटातले निम्मे रुग्ण 26 महिन्यांपर्यंत जगले होते, तक्रारी विचारलेल्या गटातले 31.2 महिन्यांपर्यंत. नुसतं वेळेवर विचारल्याने आणि उत्तर आलं की हालचाल केल्याने पाच महिन्यांचं आयुष्य वाढलं! महागड्या औषधांनीही इतका फरक पडला तर त्याच्या मोठ्या बातम्या होतात. अट एवढीच की उत्तर ऐकायला पलीकडे माणूस हवा. नोंद करून कपाटात ठेवली तर ती फसवणूक आहे. तसा कारभार करायचा असेल तर बायकांना विचारूच नये.

आपली सगळी आरोग्यव्यवस्था आज ऑपरेशनला पैसे मोजते. विमा योजना असो, खाजगी बिल असो, ऑपरेशन झालं की पैसे मिळाले. बाई बरी झाली का, याला मोल नाही. ज्याला मोल नाही त्याची नोंद नाही, आणि ज्याची नोंद नाही ते सुधारत नाही. राणीताईंनी दोन गावांत नोंद केली तेव्हा कुठे जगाला दिसलं. आपल्याकडे तर आशाताई घरोघर जातातच. नवजात बाळाला घरी जाऊन पाहण्याची त्यांची जी पद्धत देशभर आहे, तिचं मूळ गडचिरोलीतल्याच 39 गावांच्या प्रयोगात आहे. त्या प्रयोगात नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटले होते. बाळासाठी घरी जाणारी बाई त्याच घरातल्या ऑपरेशन झालेल्या बाईपाशी दहा मिनिटं बसू शकते. तिला त्या कामाचा मोबदला मात्र मिळालाच पाहिजे. फुकटात तिच्या डोक्यावर आणखी एक वही टाकायला माझा विरोध आहे.

म्हणून माझी तीर्थपुरीकरांना विनंती आहे. ग्रामसभेत ठराव घ्या. गावात आणि कारखान्याच्या कोप्यांवर ज्या ज्या स्त्रीची पिशवी काढली असेल, तिची गुप्तता राखून नोंद व्हावी, आणि तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने तिला विचारलं जावं. दुखतं का, झोप लागते का, अंगातून वाफा येतात का, लघवी अडवता येते का, मन लागतं का, ओझं उचलवतं का. ज्या बाईचं उत्तर वाईट येईल तिला आठवड्याच्या आत डॉक्टर दिसला पाहिजे, आणि हा खर्च कारखाना, ग्रामपंचायत आणि आरोग्य खातं यांनी वाटून घ्यावा. आणि इथे बसलेल्या बहिणींनो, कुणी तुम्हाला पिशवी काढायला सांगितलं तर तीन गोष्टी विचारल्याशिवाय सही करू नका: औषधाने भागेल का, बीजकोश ठेवणार की काढणार, आणि कॅन्सरची शंका असेल तर तपासणीचा कागद कुठे आहे. न पटल्यास दुसऱ्या डॉक्टरकडे जा. तो तुमचा हक्क आहे.

टोळ्या दिवाळीनंतर उतरतील. ठराव त्याआधी व्हावा. प्रश्नावली बसवण्याच्या कामाला मी येईन, बोलवा.